जुनी चेनसॉ घ्यायची, तर आधी सायलेन्सर काढा

मंडळी, चेनसॉ म्हणजे झाडं कापायची इंजिनवरची साखळी-करवत, ती नवी घ्यावी की जुनी, याआधीचा प्रश्न असा की वर्षाला कापणार किती? आंब्याच्या फांद्या विरळ करायच्या आणि पावसाळ्याआधी चार सुकी झाडं पाडायची, एवढंच असेल तर ३५ सीसीच्या आसपासची नवी मशीन आणि १४ इंची बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) पुरे, जुन्याच्या भानगडीत पडूच नका. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीच्या बागा आडव्या झाल्या. तसली खोडं कापायची तयारी हवी, तर ५०-६० सीसीची धंदेवाईक मशीन लागते. तिची नवी किंमत ऐकली की माणूस जुनीकडे वळतो. वळावं. बिननावाच्या स्वस्त नव्या मशीनपेक्षा नीट वापरलेली नामांकित जुनी मशीन मी कधीही वरचढ मानतो, फक्त तिचे सुटे भाग आपल्या तालुक्यात मिळायला हवेत.

‘नीट वापरलेली’ हे मालकाच्या तोंडून ऐकायचं नाही, सिलिंडरमध्ये बघायचं. मशीन थंड असताना सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढा, दोरी हळू ओढून पिस्टन वर-खाली करा आणि टॉर्च मारा. पिस्टनची बाजू गुळगुळीत दिसली तर पुढे बोला. उभे ओरखडे दिसले तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गेली. हे ओरखडे बहुतेकदा सायलेन्सरच्या बाजूला आधी पडतात, कारण तीच बाजू सर्वांत तापते. कारणं ठरलेली: पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल कमी पडलं किंवा विसरलंच, सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांत भुसा साचला, नाहीतर क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) सील गळून बाहेरची हवा आत शिरली. सील गळत असेल तर नुसतं पिस्टन-सिलिंडर बदलून भागत नाही, नवं पिस्टनही तसंच जळतं.

कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, मिळालं तर प्लगच्या जागी लावा, थ्रॉटल पूर्ण दाबून काटा थांबेपर्यंत दोरी ओढा. १५० पीएसआय उत्तम, १२० च्या खाली असेल तर नमस्कार करून निघा.

मग मशीन चालू करायला सांगा, पण त्याआधी सिलिंडरला हात लावा. तुम्ही पोचायच्या आधीच मालकानं तापवून ठेवली असेल तर थंड असताना ती किती वेळ दोरी ओढायला लावते हे कळणार नाही. दहा मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा ओढा. दमलेलं इंजिन गरम असताना रुसतं. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न दाबता इंजिन चालू असताना, चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडल जास्त ठेवलंय, क्लचची स्प्रिंग तुटलीय किंवा हवा गळतेय. आयडल आपोआप चढत-उतरत असेल तर हवेचाच संशय धरा. चेन ब्रेक (पुढच्या हँडलसमोरची ढाल) पुढे ढकलला की साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे. यात तडजोड नाही.

उरलेल्या भागांचा हिशेब किमतीतून वजा करायचा. स्प्रॉकेटवर, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खाचा असतील तर नवं लागेल, आणि झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवली तर तीही लवकर खराब होते. बारच्या खाचेत साखळी डुगडुगत असेल तर बार संपला. कटरचा दात ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर साखळी भंगारात जमा. पेट्रोलची नळी कडक झाली असेल तर कार्बोरेटरचा पडदाही आखडलाय असं धरून चाला. पेट्रोल टाकीत ठेवून वर्षभर माळ्यावर पडलेल्या मशीनचं हेच होतं, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यानं ते आणखी लवकर होतं.

नवी घेतलीत तरी टू-टी ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत बघा. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. झाकणानं अंदाजे ओतू नका, मापाची बाटली ठेवा. बारच्या ऑइलची टाकी पेट्रोलच्या प्रत्येक टाकीसोबत भरायची. ऑइलची टाकी रिकामी होत आली असताना पेट्रोल संपलं, तर ऑइल नीट लागतंय. ती भरलेलीच राहिली, तर पंप किंवा बारचं भोक तुंबलंय.