मास्क झोपून बघा

नमस्कार मंडळी. झोपेत श्वास अडणाऱ्यांना रात्री लावतात त्या सीपॅप मशीनबद्दल आज आपण बोलणार नाही. मशीन कुठलं, दाब किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतात. आज बोलायचं आहे ते मास्कबद्दल. ठाण्यात झोपेच्या तपासणीला येणाऱ्या लोकांना वायरी लावून झोपवायचं काम मी करते. माझ्या पाहण्यात, सीपॅप मशीन माळ्यावर जाऊन पडतं ते बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, मास्कमुळे.

ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्लीप ॲप्नियात झोपेत घशातला हवेचा रस्ता मिटतो आणि श्वास अडतो. १० सेकंद किंवा जास्त अडला की तो मोजायचा. असं तासाला ५ वेळांच्या वर झालं की दुखणं धरतात, ३० च्या वर गेलं की तीव्र म्हणतात. सीपॅप मशीन मास्कमधून हवेचा दाब देतं आणि तो रस्ता उघडा ठेवतं. एवढंच. आणि हो, ‘किती छान घोरतोय, गाढ झोप लागलीय’ असं म्हणणाऱ्या आत्यामावश्यांना माझा हात जोडून नमस्कार. घोरणाऱ्याला गाढ झोप लागलेली असेलच असं नाही.

तर, आप्पांची गोष्ट सांगते. खरं नाव सांगत नाही, कारण कोपरखैरण्यात त्यांना सगळे ओळखतात. मूळचे साताऱ्याकडचे, उभा जन्म तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गेला, मुकादम म्हणून निवृत्त झाले. आणि मिशी! गालापर्यंत गेलेली, दोन्हीकडे आकडे वळवलेली. दुपारी बोलता बोलता डुलकी लागायची, म्हणून मुलाने तपासणीला आणलं. तासाला ४० च्या वर श्वास अडत होता.

मशीन आलं. मास्क आणला भाच्याने. दुकानात सगळ्यात मोठा होता तो घेतला, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. ‘मोठा मास्क, जास्त हवा,’ असा त्याचा हिशेब. मंडळी, मास्क मोठा म्हणून हवा जास्त मिळत नाही. दाब मशीन देतं. पुन्हा सांगते, दाब मशीन देतं, मास्कने फक्त तो वाटेत सांडू द्यायचा नाही.

पहिल्याच रात्री दोनच्या सुमाराला काकूंना जाग आली. घरात ‘सूंऽऽऽ’ असा आवाज. गॅस! काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, बटण बंदच होतं. तरी त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, अंधारातच समोरच्या बिऱ्हाडाचं दार वाजवलं. त्या घरातली चार माणसं नाक वर करून वास घेत फिरली. वास कसलाच नाही, आवाज मात्र चालू. शेवटी समोरचा मुलगा आवाजाच्या मागे मागे आतल्या खोलीत गेला, तर आप्पा निवांत पडलेले आणि मिशीचा उजवा आकडा वाऱ्यावर भिरभिरतोय.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पट्टे आवळले. रात्री पुन्हा सूंऽऽऽ. आणखी आवळले. आठवड्याभरात नाकाच्या हाडावर लाल वळ उठला, डोळे चुरचुरायला लागले, कारण वरच्या कडेने सुटलेली हवा थेट डोळ्यांत जात होती. काकूंनीही आपल्या परीने उपाय केला. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं दिसली, त्यांना वाटलं आवाज इथूनच येतो. त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली.

नशीब, श्वास कोंडल्यासारखा झाला आणि आप्पांनी मास्क ओढून काढला. नीट ऐका. ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. तुम्ही सोडलेला श्वास त्यातून बाहेर जातो. तिथे चिकटपट्टी नाही, कापूस नाही, रुमाल नाही. ती भोकं कधीही बुजवायची नाहीत.

मग आप्पा ट्रान्स-हार्बरच्या गाडीने खोका मांडीवर धरून ठाण्याला आले. आल्या आल्या म्हणाले, ‘ताई, डॉक्टर म्हणाले मिशी काढा. मिशीचं सोडून काय ते बोला.’ मी म्हटलं, मिशी राहू द्या, आधी मास्क घालून दाखवा. खुर्चीत बसून घातला तर चांगला बसला. म्हटलं, आता या पलंगावर झोपा. रोज झोपता तसंच, तुमच्या कुशीवर. मशीन लावलं, त्यांचा ठरलेला दाब चालू केला, आणि सूंऽऽऽ.

माणूस आडवा झाला की चेहरा बदलतो. गाल ओघळतात, जबडा मागे जातो, उशी मास्कला एका बाजूने ढकलते. बसून बघितलेलं माप दुसऱ्याच्या अंगावरून घेतलेल्या ब्लाउजच्या मापासारखं. म्हणून झोपून बघा. बसून नाही, झोपून. आणि मशीन चालू ठेवून, आपल्या दाबावर.

मी हात लावून बघितलं तर मिशी गुळगुळीत. ‘आप्पा, हे काय?’ ‘खोबरेल. रोज रात्री लावतो, पन्नास वर्षं.’ आता सिलिकॉनची कड तेलावर कशी ठरणार? खोबरेल तेलाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, उलट हल्लीच्या सिरमांपेक्षा ते शंभर पटीने बरं. पण मास्क लावायच्या आधी चेहरा धुतलेला हवा. तेल, क्रीम, काही नको.

मिशी मात्र खरंच आड येत होती. मोठ्या मास्कची कड गालावर, नेमकी आकड्यांवर बसत होती. नुसता नाकाचा मास्क दिला असता तर तो वरच्या ओठावर, म्हणजे मिशीच्या मधोमध. राहिला तिसरा प्रकार, नेझल पिलो. सिलिकॉनच्या दोन छोट्या गाद्या नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकतात, मिशीला फारसा धक्का नाही. आप्पांचा दाब मध्यम होता, नाक मोकळं होतं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले द्या. मुलगा म्हणाला, ‘पण आप्पा तोंड उघडं टाकून झोपतात.’ बरोबर आहे, श्वास अडतो तेव्हा माणूस तोंडाने ओढतो. उपचार सुरू झाला की बऱ्याच जणांचं तोंड आपोआप मिटतं. आप्पांचं मिटलं. पिलो लावून पलंगावर पडले, मी कागद भरत होते, मान वर करून बघते तर माणूस झोपला! बाहेर पुढचा पेशंट ताटकळतोय आणि मुकादम शांत, आवाज नाही की काही नाही. मिशी शाबूत.

सगळ्यांना पिलोच चालतील असं नाही. दाब फार असला तर नाकपुड्या हुळहुळ्या होतात. नाक कायम चोंदलेलं असेल किंवा उपचारानंतरही तोंड उघडंच राहत असेल, तर नाकातोंडाचा मास्क लागतो. पण सुरुवात शक्यतो नाकाच्या मास्कापासून करावी. आणि पेसमेकर असणाऱ्यांनी विकत घेण्याआधी विचारायचं: पट्ट्यांच्या चापाला लोहचुंबक आहे का? काही मास्कांना असतो. असेल तर तो घ्यायचा नाही, दुसरा मागायचा. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरी हेच.

बसवायचा कसा? झोपा, पट्टे सैल ठेवा, मशीन चालू करा. कड असलेला मास्क असेल तर चेहऱ्यापासून किंचित उचला, हवेने कड फुगू द्या, मग अलगद टेकवा. आता पट्टे, दोन्हीकडचे सारखे, सुटणारी हवा थांबेल इतकेच. पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. हवा सुटली की आवळायचं नाही, उचलून पुन्हा बसवायचा. तरीही सुटत असेल तर माप किंवा प्रकार चुकलाय.

मास्क अंगवळणी पडायला संध्याकाळी जागेपणी अर्धा तास लावून बसा. मालिका बघताना लावा, तेवढाच त्या मालिकांचा उपयोग. कड रोज साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, डेटॉल-स्पिरिट नको.

हे सगळं कटकटीचं वाटत असेल तर एक सांगते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार १९८१ साली जगापुढे मांडला, तेव्हा तयार मास्क नव्हतेच. पेशंटच्या नाकाचा साचा घेऊन मास्क बनवायचे आणि रोज रात्री तो चेहऱ्याला चक्क चिकटवायचे. सकाळी सोलून काढायचा.

आणि घोडबंदर रोडच्या बिल्डर मंडळींना या निमित्ताने विनंती. पोहण्याचा तलाव देता, क्लब हाऊस देता, बेडरूममध्ये पलंगाजवळ एक प्लग पॉइंट द्या हो. निम्म्या घरांत तो कपाटामागे असतो, आणि मग मशीनची वायर खोलीभर.

दुकानात गेलात की पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. झोपून बघू देता का? माप चुकलं तर किती दिवसांत बदलून देता? नुसती सिलिकॉनची कड वेगळी मिळते का? कारण काही महिन्यांनी कड मऊ पडते, तेव्हा अख्खा मास्क घ्यायची गरज नसते. आणि डॉक्टरांकडे परत जाताना मशीनमधलं नोंदींचं कार्ड न्या, मास्कही न्या. कार्डावरून गळती किती ते कळतं, पण ती कुठून होते ते मास्क घालून झोपल्याशिवाय कळत नाही. नमस्कार.