कुंपणापलीकडचा कायोटी

श्रोतेहो, नमस्कार. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट, डब्लिन, सॅन रमोन या भागांत आपल्यापैकी कितीतरी जणांची घरं राखीव सार्वजनिक जमिनींना, म्हणजे पार्कांना, अगदी खेटून आहेत. मागच्या कुंपणापलीकडे टेकड्या, आणि तिथे कायोटी. साधारण ९ ते १५ किलो वजनाचा, आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा प्राणी. पार्कात तो असणारच. अडचण सुरू होते ती तो आपल्या परसात जेवायला लागला की.

"पकडा आणि लांब नेऊन सोडा," ही मागणी नेहमी होते. पण कॅलिफोर्नियात कायोटीला पकडून दुसरीकडे सोडायला नियमांची परवानगी नाही. सरसकट मारूनही काही साधत नाही. टोळीत सहसा एकच जोडी विते आणि इलाखा राखते. ती गेली की भटके कायोटी आत शिरतात, तरुण माद्याही विऊ लागतात आणि जास्त पिल्लं जगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७५ साली मांडलेल्या गणितानुसार, दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले तरी ते संपायला ५० वर्षांहून अधिक लागतील. माणसावर धावून जाणारा एखादा प्राणी हेरून काढणं वेगळं, आणि ते काम वन्यजीव खात्याचं.

आपल्या हातात आहे ते अन्न. झाडाखाली पडलेली अंजिरं, उघडं कंपोस्ट, मांजराची बाहेर ठेवलेली वाटी. पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांचा सडा पडला की उंदीर येतात आणि उंदरांमागे कायोटी. पितृपक्षात कावळ्यासाठी घास ठेवत असाल, तर तो दिवसा ठेवा आणि उरलेला तासाभरात उचला. नेमक्या त्याच सुमारास यंदाची पिल्लं आईबापांपासून सुटून नवी जागा शोधत फिरत असतात.

मग कुंपण. उंची किमान ६ फूट. तेवढ्यानंही भागत नाही, कारण कायोटी कडेवर पुढचे पाय टेकवून अंग वर ओढतो. म्हणून वरच्या कडेला फिरता रूळ बसवतात. पाय पडला की रूळ गरकन फिरतो आणि पकड सुटते. बुडाशी जाळी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून १८ इंच जमिनीवर अंथरा, खुंट्या ठोका, वर माती टाका. तो कुंपणाला लागूनच उकरतो, तेव्हा नखांखाली जाळीच येते. जाळी आतल्या बाजूला अंथरली तर मेहनत वाया. फाटकाखालची फट बहुतेक जण विसरतात, आणि तो तिथूनच शिरतो. कोंबड्या असतील तर षटकोनी पातळ जाळी कामाची नाही, ती तो दातांनी तोडतो. अर्ध्या इंचाच्या भोकांची, वेल्ड केलेल्या तारेची जाळी लावा, वरूनही.

परसात दिसलाच तर हुसकावा. ताठ उभे राहा, हात वर करा, ओरडा, बागेच्या नळीनं पाणी मारा. त्याला पळायला वाट हवी, हे बघा. तो थोडा लांब जाऊन थांबला म्हणून आपण आत गेलो, तर तो एवढंच शिकतो की थोडा वेळ थांबलं की माणूस जातो. पूर्ण निघून जाईपर्यंत सोडू नका. पाठ फिरवून पळणं मात्र कधीच नको. लहान मूल सोबत असेल तर आधी उचलून घ्या.

पार्कात हिशेब उलटा. एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात आणि उन्हाळाभर आईबाप दिवसाही शिकार करतात. भरदुपारी दिसला म्हणजे पिसाळलेला, असं नाही. या काळात तो तुमच्या मागोमाग अंतर राखून चालला, तर बिळापासून तुम्हाला दूर नेऊन सोडतोय असं समजा. तिथे आरडाओरडा करू नका. कुत्रा जवळ घ्या, नजर त्याच्यावर ठेवून शांतपणे मागे हटा. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ पार्कमध्ये याच हंगामात काही वाटा कुत्र्यांना बंद करतात. कुत्र्याचा पट्टा ६ फुटी, न लांबणारा हवा.

तो जवळ आला, गुरगुरला किंवा चावला, तर पार्कला कळवा: जागा, वेळ, सोबत कुत्रा होता का, पट्ट्यात होता का, आणि आसपास खाणं पडलं होतं का. वाट बंद करायची की कुणाच्या तरी परसातलं अन्न हटवायचं, हे त्यांना यावरूनच ठरवता येतं.