आई-वडिलांच्या नावाने पळताना

श्रोतेहो, नमस्कार. डिसेंबरातली वसई-विरार मॅरेथॉन जवळ आली की पापडी, गास, नंदाखालच्या रस्त्यांवर पहाटे पळणारे वाढतात. त्याआधीचा नोव्हेंबर हा चर्चमध्ये मृतांच्या स्मरणाचा महिना. यंदा ज्यांच्या घरातून आई किंवा वडील गेले आणि ज्यांचे नाव स्पर्धेत आधीच नोंदलेले आहे, त्यांच्यासाठी आजचे चार शब्द.

‘पप्पांसाठी पळणार’ असे पुष्कळजण म्हणतात. जरूर पळा, पण त्याचा नवस करू नका. संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ‘धाव संपवली’ असे म्हटले आहे. ते वाक्य दफनविधीत ऐकू येते आणि मग टी-शर्टवर छापले जाते. पण पौल तिथे मरणाच्या दारात उभा राहून स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलतो आहे. धाव संपली आहे ती आईची. तुम्हाला बत्तिसाव्या किलोमीटरला थांबावे लागले तर तिचे काहीही उणे होत नाही. मृतांसाठी चर्च मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयज्ञाची उपासना, अर्पण करते, आणि तिथे तुमची वेळ कोणी मोजत नाही.

आता शरीराकडे वळू. घरात मयत झाले की झोप तुटते, चहावर चहा होतो आणि जेवण राहून जाते. अशा वेळी रागाने किंवा रडू टाळायला जोरात पळणारा माणूस नेमका दुखापतीत सापडतो. कधी नडगीच्या हाडाला बारीक चीरही जाते. कारण साधे आहे, हाड आणि स्नायू भरून निघतात ते झोपेत आणि पोटभर अन्नावर. म्हणून पहिले दोन आठवडे नेहमीच्या अर्धेच अंतर ठेवा आणि तेही सावकाश. पूर्ण बंद राहिलात तरी दोन आठवड्यांत दम फारसा उतरत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. सलग दोन दिवस ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त आली तर त्या दिवशी फक्त चाला. पुढे आठवड्याला साधारण १० टक्के वाढवा. त्या हिशेबाने लांब पल्ल्याची तयारी डिसेंबरपर्यंत होत नसेल, तर अर्ध्या मॅरेथॉनला नाव बदलून मिळते का ते आयोजकांना विचारा. त्यात लाज कसली?

आणखी एक गोष्ट लोक टाळतात. मृत्यू कशाने झाला, हे धावणाऱ्याच्या कामाचे असते. वडिलांना ५५ वर्षांच्या आत किंवा आईला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर तो तुमच्यासाठीही धोक्याचा इशारा धरतात. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी तपासून घ्या. मृत्यू अचानक झाला असेल तर इकोबद्दल, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल, आवर्जून विचारा, कारण हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक विकार आनुवंशिक आहे आणि तो मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. शोकाच्या दिवसांत छातीत दुखले तर ‘मन भरून आलंय’ म्हणून सोडून देऊ नका.

पळताना रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणारे वसईत बरेच आहेत. त्याचा एक व्यावहारिक फायदा होतो. तिच्यातल्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचा पहिला भाग मध्ये श्वास न घेता मोठ्याने म्हणता आला, तर वेग सावकाश आहे असे समजा. दोन-तीन शब्दांवर धाप लागली तर वेग जास्त आहे. रोझरीच्या पाच रहस्यांना, म्हणजे पाच भागांना, साधारण वीस मिनिटे लागतात. किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगाने तीनेक किलोमीटर होतात. माळ मात्र हातात धरू नये. मूठ आवळली जाते, मग खांदा वर चढतो आणि मानेत कळ येते. दहा मण्यांची अंगठी बरी, पण पळताना बोटे सुजतात, म्हणून ती सैल हवी. इयरफोन लावून रोझरी ऐकत हमरस्त्यावर पळणे तर नकोच. मागून येणारी रिक्षा ऐकू आली पाहिजे.

आणि मध्येच रडू आले तर? घसा आवळतो, श्वास उथळ होतो, कुशीत चमक भरते. दमा असेल तर त्रास उफाळू शकतो. कडेला या आणि नाकाने शांत श्वास घेता येईपर्यंत चाला. घड्याळ चालू राहिले तर राहू द्या.

रविवारची मिस्सा आणि पळणे यांचे गणित अनेकांना जड जाते. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या कर्तव्यात धरली जाते, त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी ओढाताण नको. सरावाच्या रविवारी मात्र पळून थेट मिस्सेला जाणार असाल, तर कम्युनियनपूर्वी, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्यापूर्वी, एक तासाचा उपवास लक्षात ठेवा. हा तास मिस्सा सुरू होण्यापासून नव्हे, तर कम्युनियनपासून मागे मोजतात. मिस्सा सातला असेल आणि कम्युनियन पावणेआठच्या सुमारास, तर केळे पावणेसातच्या आत खाऊन घ्या. पाण्याने आणि औषधाने उपवास मोडत नाही. लांब पळून आल्यावर उपाशीपोटी गुडघे टेकून उठताना चक्कर येते ती याच गोंधळामुळे.

आई-वडिलांचा फोटो छापलेला टी-शर्ट घालणार असाल तर सुती नको. आपल्या दमट हवेत तो भिजून जड होतो, आणि छातीवरच्या मोठ्या छपाईच्या पट्ट्यातून घाम सुटत नाही. फोटो लहान ठेवा आणि पाठीवर घ्या. शर्ट दोनदा धुवा आणि निदान पंधरा किलोमीटर पळून पाहा. गळ्यातला क्रूस उसळून कातडी सोलतो. तो आतून टेपने चिकटवा. वडिलांचे बूट घालून पळायचा मोह टाळा, झिजलेल्या तळव्याला तुमच्या पायाची ठेवण माहीत नसते.

गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईत जन्मलेले संत, १५९७ च्या हिवाळ्यात जपानमध्ये मृत्युदंडासाठी क्योतोहून नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर चालवत नेले गेले. लांब पल्ल्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगितले. त्या चालीशी आपल्या बिबची (छातीवरच्या नंबराची) आणि मेडलची तुलना कोणी करू नये.

शेवटी एक कामाची सूचना. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळची मिस्सा आई-वडिलांच्या नावे हवी असेल, तर चर्चच्या कार्यालयात आत्ताच सांगून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरात मिस्सांच्या नोंदीची वही लवकर भरते. नाव स्वतः लिहून द्या आणि आडनावाचे स्पेलिंग एकदा तपासून घ्या.