टिटवीच्या चुलतबहिणीची मोजणी

नमस्कार श्रोतेहो.

माळावर पाय ठेवला आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, की समजायचं, अंडी जवळच आहेत. तीन-चार अंडी, उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाची. टिटवीनं उंचावर अंडी घातली की त्या वर्षी पाऊस जोरात, असं आपले शेतकरी सांगत आलेत. म्हणजे तिच्या घरट्यावर आपली नजर होतीच. आज मी तुम्हाला तिच्या चुलतबहिणीच्या गावी नेतो, स्कॉटलंडच्या पश्चिमेला, युइस्ट बेटांवर.

तिथे अटलांटिकच्या वाऱ्यानं शिंपल्यांचा चुरा किनाऱ्यावर आणून टाकलाय. त्यातून तयार झालेल्या सपाट, चुनखडी वाळूच्या जमिनीला गेलिक भाषेत ‘माखर’ म्हणतात. आपल्या मखराशी या शब्दाचं नातं नाही, पण उन्हाळ्यात हे माळ फुलांनी असे सजतात की नाव अगदी शोभतं. लहान शेतकरी समुद्रातलं शेवाळ खत म्हणून पसरतात, ओट आणि राय ही धान्यं पेरतात, एक-दोन वर्षांनी जमीन पड टाकतात. नांगरलेल्या आणि पड जमिनीवर कंठेरी चिखल्या या आपल्याकडच्या छोट्या पक्ष्याचा मोठा नातलग अंडी घालतो. ओलसर कुरणात तिथली टिटवी, टिलवा, पाणलावा आणि डनलिन, सगळे ओलसर जमिनीवर चरणारे पक्षी. कालवफोड्या तर कुठेही. या पक्ष्यांचं घर शेतीनंच राखलेलं आहे.

आता ते मोजायचे कसे? एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, पहाटे किंवा संध्याकाळी, शेत न् शेत चालून. एकदा नव्हे, किमान तीनदा, कारण प्रत्येक जात वेगळ्या वेळी अंडी घालते. टिटव्या दिसतात तेवढ्या मोजून दोननं भागायच्या, म्हणजे जोड्या कळतात. पाणलावा मात्र गवतात दडतो. तो आकाशातून सूर मारताना शेपटीच्या पिसांतून घुमणारा आवाज काढतो, तो ऐकून हिशेब करायचा. घरट्याशी फार रेंगाळायचं नाही, नाहीतर अंडी थंड पडतात. काही अभ्यासांत घरट्यात बटणाएवढा तापमापक ठेवतात. ऊब अचानक गेली ती रात्री की दिवसा, हे त्यातून कळतं. रात्री गेली असेल तर चोर बहुधा चार पायांचा, दिवसा गेली तर कुरव (सीगल) किंवा कावळा. पिल्लं निघाली असतील तर घरट्याच्या तळाशी कवचाचे बारीक कण सापडतात. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, एवढ्याशा खुणेतून एका रात्रीची गोष्ट उलगडते.

आणि ही गोष्ट फार मोठी निघाली. 1983 साली या माळांवर वीण करणाऱ्या अशा पक्ष्यांच्या सुमारे 17,000 जोड्या मोजल्या गेल्या. त्याआधी, 1974 मध्ये, दक्षिण युइस्टमधल्या एका बागेत गोगलगायी खाव्यात म्हणून काही हेजहॉग आणून सोडले होते. अंगभर काटे, साळिंदराहून कितीतरी लहान प्राणी. कोल्हा, बिज्जर असले शिकारी या बेटांवर नव्हतेच, त्यामुळे जमिनीवर घातलेली अंडी त्याला सहज सापडली. पुढच्या मोजणीत दक्षिणेकडे बऱ्याच जाती घटलेल्या आढळल्या. जिथे हा प्राणी अजून पोचला नव्हता त्या उत्तरेकडे चित्र निराळं होतं. कुंपण घालून त्याला बाहेर ठेवलं तिथे जास्त घरटी तगली. 1983 ची नोंद नसती, तर ही घट कशाशी ताडून बघणार होतो?

सगळं खापर हेजहॉगवर फोडणं बरोबर नाही. शेतीच्या पद्धतीही बदलत होत्या. शिवाय त्याचा तरी काय दोष, तो स्वतःहून आलेला नाही. 2003 पासून त्याला मारण्याची मोहीम निघाली, लोक हळहळले, आणि 2007 पासून त्याला पकडून मुख्य भूमीवर नेऊ लागले. मला हा दुसरा मार्ग पटतो.

टिलवा आणि कालवफोड्या हिवाळ्यात आपल्या कोकणच्या खाड्यांवरही येतात. टिटवी मात्र इथलीच, मार्चपासून पावसाळ्यापर्यंत वीण करणारी. उन्हाच्या तडाख्यात ती पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. यंदा तुमच्या खारभूमीत, पडीक शेतात ती ओरडू लागली, तर दोन पावलं मागे सरा, आणि वहीत लिहा: तारीख, शेताचं नाव, किती टिटव्या. पुढच्या वर्षी, त्याच आठवड्यात, पुन्हा तिथेच जा.

नमस्कार.