झेरॉक्स काढण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो. कंपन्यांच्या आणि कचेऱ्यांच्या ग्रंथालयांत एक समज घट्ट रुजलेला आहे: पुस्तकाची दहा टक्के पानं झेरॉक्स केली तर चालतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असा आकडा कुठेच नाही. त्यामुळे प्रत मागणाऱ्याला आधी विचारायचं ते हे, की प्रत कोणासाठी हवी आणि कशासाठी?

कलम ५२ प्रमाणे खाजगी वापर, संशोधन, टीका किंवा समीक्षा यांसाठी रास्त प्रमाणात प्रत काढता येते. एखाद्या अभियंत्याने स्वतःच्या अभ्यासासाठी नियतकालिकातल्या एका लेखाची एक प्रत मागितली, तर ती द्यायला हरकत नसावी. तोच लेख विभागातल्या चाळीस जणांना वाटायचा ठरला, की तो खाजगी वापर उरत नाही. तिथे प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर जास्त अंक विकत घ्या.

याच कलमात ग्रंथालयांसाठी एक सवलत आहे: भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढता येतात. अनेकजण इथेच फसतात. ही सवलत नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आहे. फक्त कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या कंपनीच्या ग्रंथालयाने तिच्यावर विसंबू नये. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने अभ्याससंचांना, म्हणजे अभ्यासक्रमासाठी वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं एकत्र करून काढलेल्या प्रतींना, मोकळीक दिली, पण तो निकाल शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या संदर्भातला आहे. कंपनीच्या प्रशिक्षणवर्गाने तो आपलाच आहे असं धरून चालणं धोक्याचं.

स्कॅन हीसुद्धा प्रतच. रोज सकाळी वर्तमानपत्रांची कात्रणं स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची प्रथा आम्हाला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिच्यात कोणाला काही चूक वाटतच नाही. बातमीतल्या घटनेवर कोणाची मालकी नसते, मालकी असते ती तिच्या शब्दांवर. म्हणून ग्रंथपालाने दोन-तीन ओळींचा सारांश स्वतः लिहावा, खाली वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान द्यावं आणि मूळ अंक टेबलावर ठेवावा. ई-नियतकालिकांच्या बाबतीत पीडीएफ पाठवण्याऐवजी दुवा पाठवावा आणि वर्गणीचा करार आधी वाचावा; तो बहुधा जास्त कडक असतो.

राजपत्रातला मजकूर आणि न्यायालयाचे निवाडे यांच्या प्रती काढता येतात, न्यायालयाने मनाई केली नसेल तर. मात्र खाजगी प्रकाशकाने निवाड्यावर लिहिलेली शीर्षटिपणी, म्हणजे निवाड्याच्या वर छापलेला सारांश, त्याची स्वतःची असते. ती उचलू नका. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. लेखक १९६५ मध्ये वारला असेल, तर पुस्तक १ जानेवारी २०२६ पासून मोकळं. त्याच्या अनुवादाचा आणि नव्या प्रस्तावनेचा हिशोब वेगळा.

'साहेबांनी सांगितलं होतं' हा बचाव होत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. कंपनीच्या बाबतीत कारभार पाहणारेही जबाबदार धरले जातात.

म्हणून मशीनशेजारी मागणीचिठ्ठ्यांचं पुस्तक ठेवा. चिठ्ठीवर नाव, ग्रंथाचं शीर्षक, पानांचे क्रमांक, उद्देश, तारीख आणि सही घ्या. काढलेल्या प्रतीला शीर्षकाचं पान आणि हक्कांचा उल्लेख असलेलं पान जोडा, म्हणजे ती पुढे कोणाच्याही हातात गेली तरी तिचा मालक कोण हे कळेल.