पाच आंबे कापून अढी कळते का?

देवगडचा कातळ. चौदा आणे तयार झालेला हापूस झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, उतरतोय, देठ राखून.

अढीत, म्हणजे पेंढ्यात रचून, पिकलेला एक आंबा घेऊ. कोयीला लागून सुरी फिरते. गर केशरी, पण कोयीजवळ फिकट, पांढुरका, भुसभुशीत पट्टा, चवीला आंबट. हा साका. साल मात्र डागविरहित. कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापलेला आंबा पेटीत भरता येत नाही. म्हणून थोडे कापून उरलेल्यांबद्दल बोलावं लागतं.

किती कापायचे? समजा, अढीत शंभरात दहा आंबे साक्याचे आहेत. कुठलेही पाच काढले, तर पाचही चांगले निघण्याची शक्यता ५९ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा आपण फसणार. दहा कापले तरी ३५ टक्के. तीस कापले की ४ टक्के. तिसांत एकही साका नसेल, तर 'शंभरात दहापेक्षा कमी' एवढं भरवशानं म्हणावं. 'साका नाहीच' हे तेव्हाही म्हणता येत नाही.

आणि हे तीस वरच्या थरातले नकोत. अढीच्या तळातून, मधून, कडेनंही काढा. इथंच सगळ्यात जास्त चूक होते, कारण हात वर दिसणाऱ्या देखण्या फळाकडे जातो. एकाच कलमावर मोहोर दोन-तीन टप्प्यांत येतो, त्यामुळे फळांचं वय वेगळं. खालच्या फांद्यांना तापल्या कातळाची धग लागते, शेंड्याला तेवढी नाही. उतरवल्यावर उन्हात राहिलेले क्रेट आणखी वेगळे. एवढं सगळं एकत्र करून कापलं, तर उत्तर कुणाबद्दलचं?

तेव्हा उतरवतानाच ढीग वेगळे करा, क्रेटवर खडूनं खूण करा. प्रत्येक ढिगाचे कच्चे आंबे साध्या पाण्यात सोडा: तरंगला तो कोवळा. बुडालेले १० लिटर पाण्यात २५० ग्रॅम मीठ घालून त्यात सोडा. तिथंही तळ गाठणारा जास्त जून, साक्याचा धोका त्याला अधिक. कापून बघणं मात्र पिकल्यावरच. कच्च्यात साका नीट दिसत नाही.

वेगळा ढीग, वेगळे तीस. खालच्या फांद्यांच्या तिसांत सात साके निघाले, शेंड्याच्या तिसांत एकही नाही, तर दोष अख्ख्या बागेला लावू नका. खालचा माल वेगळ्या पेटीत भरा, आणि पुढच्या हंगामात निम्म्या कलमांखाली कातळाची धग अडवायला भाताचा पेंढा अंथरून, निम्मी तशीच ठेवून, पुन्हा तीस-तीस कापून बघा.