मॉर्गन डॉलर: पाडले किती आणि उरले किती

तर मंडळी, विषय मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं एक डॉलरचं नाणं, कसं पारखायचं हा आहे, पण त्याआधी कॅटलॉगमधल्या एका आकड्याबद्दल बोलायलाच हवं कारण नवीन कलेक्टर तिथेच फसतात. किती नाणी पाडली ते बघून दुर्मिळ काय ते ठरवायचं, हे मॉर्गनला लागूच पडत नाही. 1884 चंच घ्या ना. कार्सन सिटीच्या टांकसाळीने पाडले साधारण 11 लाख 36 हजार, सॅन फ्रान्सिस्कोने 32 लाख. तरीही कार्सन सिटीचा कोरा, म्हणजे कधी वापरातच न आलेला, डॉलर आज पैसे टाकले की मिळतो आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कोरा हवा असेल तर मोठ्या लिलावाची वाट बघत बसा. कारण सॅन फ्रान्सिस्कोचे हातोहात फिरून झिजले, कार्सन सिटीचे पोत्यांत पडून राहिले आणि 1972 नंतर सरकारनेच ते विकायला काढले, त्यात एकट्या 1884 चे साडेनऊ लाखांच्या वर होते!

मग बाकीच्यांचं काय झालं? इथे आपला संबंध येतो, म्हणून हा भाग मी कितीही घाई असली तरी सोडत नाही. 1878 च्या कायद्याने अमेरिकन सरकारला दरमहा निदान 20 लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडावे लागायचे, खाणवाल्यांचा जोर दुसरं काय, पण 26.73 ग्रॅमचं जड नाणं खिशात कोण बाळगणार, त्यामुळे तिजोऱ्या भरत गेल्या. मग पहिलं महायुद्ध आलं. हिंदुस्थानातला माल आणि सैन्याचा पगार यासाठी इंग्रजांना चांदीचे रुपये हवे होते, आणि 1918 मध्ये लोक नोटा परत करून बंदा रुपया मागायला लागले तेव्हा इथल्या खजिन्यात चांदी संपत आली. अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि 27 कोटींच्या वर डॉलर वितळवले, त्यातल्या जवळपास 26 कोटींची चांदी हिंदुस्थानसाठी गेली आणि मुंबई-कलकत्त्याला तिचे रुपये पडले. एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये! तुमच्याकडे लक्ष्मीपूजनाला पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया काढत असतील तर त्यात मॉर्गनची चांदी असू शकते, मला तर या विचारानेच अंगावर काटा येतो. आणि कुठल्या सालचे किती वितळवले याची नोंदच ठेवली नाही हो. मग छापलेल्या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा?

उलटंही झालंय. 1903 चा न्यू ऑर्लिन्सचा कोरा डॉलर म्हणजे स्वप्न समजायचे, आणि 1962 च्या शेवटी तिजोरीतून त्याची पोतीच बाहेर आली, किंमत धाडकन कोसळली.

बरं, चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत, म्हणजे दर्जाचं पटापट सांगतो. आधी पुढच्या बाजूला स्वातंत्र्यदेवीचा चेहरा आहे तिच्या कानावरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती बघा. न्यू ऑर्लिन्सचे बरेच तिथे सपाट असतात, ती झीज नाही, ठसाच हलका बसलेला, आणि 1881 चा सॅन फ्रान्सिस्कोचा बघितलात की चांगला ठसा काय ते कळेल. मग गाल. हजार-हजारच्या पोत्यात आपटून पडलेल्या खुणा गालावरच दिसतात आणि भाव तिथेच पडतो. मग दिव्याखाली नाणं तिरकं करून फिरवा, उजेडाचे पट्टे गोल फिरले पाहिजेत. नुसतं चकचकीत आणि पट्टे फिरत नाहीत, म्हणजे कोणीतरी घासलंय. आणि कृपा करून घरी काहीही लावून घासू नका, काळपटपणा राहू दे, चांगल्या नाण्याची अशी वाट लागलेली बघवत नाही.

खोट्यासाठी वजनकाटा आणि लोहचुंबक. 1893 चा सॅन फ्रान्सिस्कोचा, एक लाखच पाडलेला, कोणी स्वस्तात देत असेल तर साध्या 1893 वर एस, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण, चिकटवलेला असू शकतो, नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या मान्यताप्राप्त ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत नसेल तर घेऊच नका. मागच्या टेबलावर भिंग आणि तीन डॉलर ठेवलेत, कडेनेच धरा, मग प्रश्न विचारा.